नवं सापडलेलं जुनं गाणं आपल्या चार्टमध्ये घ्यावं का?

दुसरा अंतरा

गेली चार वर्षं दर रविवारी रात्री मी माझा स्वतःचा टॉप २० लिहिते. साधी रेघांची वही आहे. डावीकडे या आठवड्याचा क्रमांक, शेजारी गेल्या आठवड्याचा, मग गाणं, मग किती आठवडे टिकलं आणि सगळ्यात वर कुठवर गेलं. ज्यांना हा नाद आहे त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. सुरुवात केली तेव्हा एकच नियम घातला होता: गेल्या बारा महिन्यांत प्रसिद्ध झालेलंच गाणं घ्यायचं. चार्ट म्हणजे सध्या नवीन काय चाललंय त्याची नोंद, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की त्यावर कधी विचारच केला नाही.

विचार करायची वेळ आली पाच आठवड्यांपूर्वी. एक प्लेलिस्ट संपली आणि ॲपनं आपणहून पुढचं गाणं लावलं. मात्सुबारा मिकी या जपानी गायिकेचं 'मायोनाका नो डोआ'. बेस गिटारची ती लवचिक चाल सुरू झाली आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. 'स्टे विथ मी' एवढं इंग्रजी सोडलं तर शब्द एक कळत नव्हता. त्या रात्री ते अकरा वेळा ऐकलं. मग माहिती काढली. १९७९ सालचं, तिचं पहिलंच गाणं, तेव्हा ती १९ वर्षांची. २००४ मध्ये ती गेली. आणि डिसेंबर २०२० मध्ये हेच गाणं स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिलं आलं. म्हणजे ती जाऊन १६ वर्षं झाल्यावर जगभरच्या लोकांना ते 'नवीन' सापडलं. मला सापडायला आणखी काही वर्षं लागली.

रविवारी वही उघडली. पहिल्या क्रमांकाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि थांबले. नियमात बसत नव्हतं. शेवटी पेन्सिल घेतली आणि रेघेच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात ते लिहिलं. ओळीवर पेनानं ज्याला पहिला नंबर दिला ते गाणं त्या आठवड्यात मी दोनदाच ऐकलं होतं, त्यातलं एकदा अर्धवट. पाच आठवडे हेच चाललंय. समासात आता चार गाणी झाली आहेत, चारही माझ्या जन्माच्या आधीची. काल वही चाळताना जाणवलं की माझं खरं ऐकणं समासात गेलंय आणि ओळींवर जे आहे ते खोटं आहे. स्वतःसाठीच लिहायच्या वहीत खोटं लिहायचं, याचा त्रास होतोय.

तर विचारायचं हे, की जुनं पण तुमच्यासाठी नवं असलेलं गाणं तुम्ही चार्टमध्ये घेता का? घेत असाल तर कोणत्या अटीवर? माझा कल घ्यावं याकडे आहे, पण घाईघाईनं नियम बदलून चार वर्षांची वही बिघडवायची नाहीये.

बिगुल

नाद ओळखीचा आहे! माझ्या वह्या शाळेपासूनच्या. बुधवारी रात्री रेडिओवर 'बिनाका गीतमाला' ऐकत पायदानं, म्हणजे गाण्यांचे क्रमांक, लिहून घ्यायची आणि शेजारच्या रकान्यात स्वतःची क्रमवारी लावायची. दोन्ही रकाने कधी जुळले नाहीत.

'फक्त नवीन गाणी' हा नियम जिथून आला तिथे त्याला कारण होतं, हे आधी लक्षात घ्या. ब्रिटनमधला पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ ला 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकात छापून आला. वीसेक दुकानांना फोन करायचा, कुठल्या रेकॉर्ड जास्त खपल्या ते विचारायचं, आणि यादी लावायची. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात क्रमांक नव्हते. ते नंतर आले, आणि मग रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यावर पायदानं ठरू लागली. दोन्हीकडे मोजमापात दुकानातला खप होता, आणि दुकानात नवा माल पुढे मांडलेला असतो. तुमच्या वहीत दुकान कुठे आहे? तुम्ही तर कान मोजताय. मग दुकानाचा नियम कानाला का लावायचा?

जुनं येऊन ठाण मांडेल अशी भीती असेल, तर त्यालाही गीतमालेत उत्तर होतं. फार आठवडे टिकलेल्या गाण्याला बिगुल वाजवून 'सरताज गीत' करायचे आणि मानानं यादीबाहेर न्यायचे. माझा आयडी तिथूनच उचललाय. तुम्ही गाण्याला आत घ्यायचे नियम शोधताय, त्याच्या आधी निरोपाचा नियम ठरवा. तो एकदा ठरला की कोणालाही आत घ्यायची भीती राहत नाही.

स्क्रॉबलर

बिगुल यांच्याशी सहमत, पण अनुभवाचा एक इशारा देतो.

मी बरीच वर्षं लास्ट.एफएम या साइटवर माझ्या ऐकण्याची नोंद ठेवतो. गाणं निम्मं किंवा चार मिनिटं, यातलं जे आधी होईल तेवढं वाजलं की एक स्क्रॉबल, म्हणजे एक नोंद, पडतो. ते कोणत्या सालचं आहे हे मोजताना कोणी बघत नाही, त्यामुळे जुनं-नवं असा भेद मी कधी केलाच नाही. अडचण आली ती वेगळीच. नवा कलाकार एक गाणं देतो, मग दोन महिन्यांनी दुसरं. जुना कलाकार सापडला की त्याचे नऊ अल्बम एकदम हातात येतात. एका मे महिन्यात माझ्या टॉप २० मध्ये १३ गाणी एकाच माणसाची होती. तो चार्ट म्हणून बघितला की मला आजही काही कळत नाही, फक्त 'या महिन्यात मी याच्या मागे वेडा झालो होतो' एवढंच कळतं.

ब्रिटनच्या अधिकृत चार्टचंही मार्च २०१७ मध्ये हेच झालं होतं. एड शीरन या गायकाचा 'डिव्हाइड' हा अल्बम आला आणि त्याची १६ च्या १६ गाणी टॉप २० मध्ये जाऊन बसली. त्याच वर्षी जुलैपासून त्यांनी मुख्य कलाकार म्हणून एकाची तीनच गाणी चार्टमध्ये घ्यायचा नियम केला. मी तोच उचलला, फक्त तीनाच्या जागी दोन. बाकीची रांगेत थांबतात. रांगेतलं गाणं महिन्याभरानं आत येतं तेव्हा ते खरंच आवडलंय की पहिल्या झपाट्यात ओढलं गेलं होतं, हे तोवर कळलेलं असतं.

ध्रुवपद

मी उलट बाजूनं लिहितो, कारण हे करून पाहिलंय. दोन वर्षं जुनं-नवं एकत्र ठेवलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्या वार्षिक टॉप २० मधली १६ गाणी वीस वर्षांहून जुनी होती. तेही चाललं असतं. पण दर शुक्रवारी नवीन काय आलंय ते बघायची माझी सवय त्यात मोडली, आणि ती परत लावायला फार कष्ट पडले.

एका यादीत ठेवलं की सामना बरोबरीचा राहतच नाही. १९७० सालचं जे गाणं आज तुमच्यापर्यंत पोचतं ते पन्नास वर्षांच्या गाळणीतून आलेलं असतं. त्या वर्षीची सामान्य गाणी वाटेतच गळून गेली, ती तुम्हाला कोणी पाठवणार नाही आणि कुठलं ॲप सुचवणार नाही. या शुक्रवारी आलेल्या गाण्यांना अजून कोणीच गाळलेलं नाही. त्यातली बहुतेक विसरली जातील. पण त्या ढिगातलं चांगलं आज कोणीतरी ऐकून उचललं नाही, तर पन्नास वर्षांनी कोणाच्या हाती ते लागणार? तुमचं मात्सुबाराचं गाणंसुद्धा १९७९ मध्ये कोणीतरी नवीन म्हणून ऐकलं, विकत घेतलं, जपून ठेवलं. तेव्हाचा प्रत्येक श्रोता 'मी जुनंच ऐकतो' म्हणाला असता तर ते तुमच्यापर्यंत आलंच नसतं. गाणं ऐकणाऱ्या माणसावर आजच्या गाणाऱ्यांचं थोडं ऋण असतं, असं मी मनापासून मानतो.

म्हणून माझ्या दोन याद्या आहेत. नव्यांचा टॉप २० आणि 'उत्खनन' नावाचा टॉप १०. दोन्ही एकाच दिवशी लिहितो. अमेरिकेतले चार्ट छापणारं बिलबोर्डसुद्धा जुन्या अल्बमांची यादी कित्येक वर्षं वेगळीच ठेवत होतं.

मंद्र

गाळणीचा मुद्दा फार आवडला, ध्रुवपद. पटला नाही तरी आवडला.

स्क्रॉबलर

ध्रुवपद, बिलबोर्डचं उदाहरण निघालंच आहे तर त्याचा पुढचा भागही सांगतो. जून २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला आणि लोक त्याच्या जुन्या अल्बमांवर तुटून पडले. 'नंबर वन्स' हा त्याचा संग्रह मुख्य यादीतल्या पहिल्या अल्बमपेक्षा जास्त खपला. पण तो पडला जुना, म्हणून बिलबोर्ड २०० या मुख्य यादीत दिसलाच नाही. अमेरिकेत त्या आठवड्यात जो अल्बम सगळ्यात जास्त विकला गेला त्याचं नाव मुख्य यादीत नाही! त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून त्यांनी जुन्या अल्बमांना मुख्य यादीत यायची मुभा दिली.

दुसरा अंतरा यांचा समास आणि २००९ ची ती यादी, दुखणं एकच आहे.

दुसरा अंतरा

सगळ्यांचे आभार. ध्रुवपद, तुमचा प्रतिसाद वाचून वही पुन्हा उघडली आणि मोजलं. जुन्या नियमाच्या काळात आठवड्याला सात-आठ नवीन गाणी मी पूर्ण ऐकत होते. गेल्या पाच आठवड्यांत मिळून तीन. म्हणजे तुम्ही सांगताय ते माझ्या बाबतीत सुरू झालंय. हे मला माहीत नव्हतं आणि कळल्यावर वाईट वाटलं.

तरी दोन याद्यांवर मन बसत नाही. त्याचं कारण सांगते. तिसऱ्या आठवड्यात एक अगदी नवीन गाणं आलं, माझ्या टॉप २० मध्ये थेट सहावं. ते मला का आवडलं? त्यातला बेस ऐकताना कान आपोआप मात्सुबाराच्या बेसकडे गेला. महिनाभर आधी तेच गाणं मी पुढे ढकललं असतं. समासातल्या गाण्यानं माझा कान बदलला आणि बदललेल्या कानानं नवीन गाणं पकडलं. दोन वेगळ्या पानांवर लिहिलं तर हा धागा तुटतो. शिवाय वर्षांनी वही उघडली तर 'त्या आठवड्यात मी काय ऐकत होते' याचं मला एकच उत्तर हवंय, दोन नकोत.

रिकामी कॅसेट

घ्यायचं की नाही याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. 'नवं सापडलेलं' म्हणजे नक्की काय?

आई काम करताना एका गाण्याचा मुखडा गुणगुणायची. फक्त मुखडा. तीस वर्षं मला वाटत होतं की हे गाणं मला पाठ आहे. मागच्या वर्षी ते पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी चाल उतरत उतरत खालच्या षड्जावर येऊन थांबते. क्षणभर वाद्यंही थांबतात. आणि मुखडा परत येतो तेव्हा शब्द तेच असतात, पण आता तो प्रश्न वाटत नाही, उत्तर वाटतं. आईच्या गुणगुणण्यात हा अंतरा कधीच नव्हता. मग हे गाणं मला माहीत होतं की नव्हतं?

मी ते नवीन एन्ट्री म्हणून घेतलं. आता माझी व्याख्या अशी आहे: ज्या दिवशी मी गाणं पहिल्यांदा लक्ष देऊन, स्वतःहून, संपूर्ण ऐकलं, तो माझ्यासाठी त्याचा प्रसिद्धीचा दिवस. आधी भिंतीपलीकडून ऐकलेलं, जाहिरातीतला तुकडा, लग्नाच्या बँडवर वाजलेलं, यातलं काहीही धरायचं नाही.

याउलट जे गाणं कधीकाळी संपूर्ण ऐकलंय, मनापासून आवडलंय, आणि आज फक्त आठवणीसाठी लावलंय, ते मी घेत नाही. आठवणी आत घेतल्या तर माझा पहिला नंबर दर आठवड्याला तोच राहील. त्या गाण्यांसाठी मी चार्ट ठेवतच नाही, ती माझ्याजवळ आहेतच.

दुसरा अंतरा

रिकामी कॅसेट, तुमच्या आईच्या गाण्याबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि व्याख्या अगदी नेमकी आहे, ती मी तशीच्या तशी घेणार.

बिगुल

व्याख्या उत्तम. पण आठवणीतलं गाणं कधी कधी नव्यानंच परत येतं, त्याला अजिबात दार नको का? केट बुश या ब्रिटिश गायिकेचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत वाजलं आणि त्या जूनमध्ये पहिलं आलं, ३७ वर्षांनी. ज्यांनी ते १९८५ मध्ये ऐकलं होतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी २०२२ मध्ये पुन्हा दिवसभर लावलं असेल. ती नुसती आठवण होती का?

स्क्रॉबलर

बिगुल, त्या गाण्याच्या वेळी ब्रिटनच्या चार्टवाल्यांपुढे हाच पेच होता. त्यांच्याकडे असा नियम आहे की जुन्या किंवा उतरणीला लागलेल्या गाण्याला एका विक्रीइतकं मोल मिळवायला नेहमीच्या दुप्पट स्ट्रीम लागतात. तीन वर्षांहून जुनं गाणं आपोआप त्यात जातं. हेतू चांगला आहे, नव्यांना जागा राहावी. केट बुशच्या वेळी लोक खरोखरच त्या गाण्याकडे वळलेत हे दिसल्यावर त्यांनी त्याला त्या नियमातून मोकळं केलं आणि मग ते पहिलं आलं.

म्हणजे अधिकृत चार्टलाही डोळे उघडे ठेवून अपवाद करावा लागला. आपल्या वहीत आपण एकटेच अधिकारी, आपल्याला तर ते सोपं. माझा नियम: एकदा बाहेर गेलेलं गाणं परत यायचं असेल तर सलग दोन आठवडे पहिल्या दहात बसण्याइतकं वाजलं पाहिजे. सहज लावलेलं गाणं तेवढं वाजत नाही.

मंद्र

माझी अडचण मोजण्याची आहे. मी मुख्यतः ख्याल ऐकते. ४० मिनिटांचा राग आठवड्यात एकदा ऐकला तर तुमच्या मोजणीत एक, आणि तीन मिनिटांचं गाणं दहा वेळा ऐकलं तर दहा. अशानं माझा टॉप २० माझ्याबद्दल चुकीचं सांगेल. म्हणून मी वेळा मोजत नाही आणि मिनिटंही मोजत नाही. रविवारी बसते, काही न लावता, आणि गेल्या सात दिवसांतलं काय कानात आपोआप वाजतंय ते पाहते. जे आधी वाजतं ते वर.

या पद्धतीनं गेल्या वर्षी माझ्या चार्टात १२० वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण आलं. गौहर जान. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं तिचं गाणं मुद्रित केलं. तबकडीवर तीनेक मिनिटंच मावायची. त्यामुळे राग त्यात अक्षरशः दाबून भरलाय: आलाप नावापुरता, लगेच बंदिश, वेळ संपायच्या आत पोचायचं म्हणून विजेसारख्या ताना. आणि शेवटी खणखणीत आवाजात इंग्रजीत, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या माणसांना कोणाचं गाणं आहे ते कळावं म्हणून गायक असं नाव सांगत. हे मला नंतर समजलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फक्त इतकंच वाटलं की सगळी खरखर बाजूला सारून एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं ओळख करून दिली. पाच आठवडे टिकली, सर्वोच्च क्रमांक दोन.

जुनं घ्यावं की नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मी जे ऐकते त्यात नवं फार थोडं आहे.

ध्रुवपद

मंद्र, हे वाचून लगेच ती तबकडी लावली. ताना खरंच विजेसारख्या आहेत. माझ्या 'उत्खनन'मध्ये या रविवारी येणार.

स्क्रॉबलर

दुसरा अंतरा यांनी जुन्या-नव्याच्या धाग्याबद्दल लिहिलं, त्यावरून एक सुचवतो. 'कुठून आलं' असा एक रकाना घाला. मी तीन वर्षांपूर्वी घातला आणि आज माझ्या शीटमधला तोच सगळ्यात वाचनीय रकाना आहे. मित्रानं पाठवलं, ॲपनं लावलं, कुठल्याशा मुलाखतीत उल्लेख ऐकला, नव्या गाण्यातल्या सॅम्पलवरून, म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेल्या तुकड्यावरून, मागे गेलो.

सॅम्पलची वाट तर फार लांब नेते. जंगल आणि ड्रम अँड बेस या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारांची नव्वदीतली गाणी ऐकता ऐकता एकच ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा कानावर यायचा. शोधत गेलो तर तो निघाला १९६९ सालचा. द विन्स्टन्स या बँडच्या 'आमेन, ब्रदर' मधला, रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं. ग्रेगरी कोलमन नावाचा ड्रमर जेमतेम सात सेकंद एकटा वाजवतो आणि त्या सात सेकंदांवर पुढे एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. मूळ गाणं माझ्या चार्टमध्ये आठव्या नंबरवर आलं, आणि ज्या नव्या गाण्यानं तिथवर नेलं ते अकराव्यावर होतं. ती दोन एकाच पानावर दिसतात याचा मला फार आनंद आहे. दोन याद्यांत ती एकमेकांना भेटली नसती.

नवा श्रोता

मी गेल्या महिन्यातच चार्ट सुरू केलाय, त्यामुळे सगळं वाचून काढलं. एक शंका: वर्षाच्या रकान्यात काय लिहायचं? कॉनी कन्व्हर्स नावाच्या गायिकेनं १९५० च्या दशकात स्वतःची गाणी गिटारवर घरगुती टेपवर मुद्रित केली. कोणी प्रसिद्ध केली नाहीत. १९७४ मध्ये ती गाडी घेऊन निघून गेली आणि परत कोणाला दिसली नाही. तिच्या गाण्यांचा अल्बम आला २००९ मध्ये. ते गाणं कोणत्या सालचं धरायचं?

रिकामी कॅसेट

दोन्ही लिहा. १९५० चं दशक / २००९. मधली तिरकी रेघ बघितली की सगळी गोष्ट आठवते.

मंद्र

+१. आणि तिसरं साल तुमचं, म्हणजे तुम्हाला सापडल्याचं.

दुसरा अंतरा

दोन दिवस विचार केला, काल रात्री वहीचं नवं पान काढलं. काय ठरवलं ते सांगते.

बारा महिन्यांची अट ठेवली आहे, फक्त ती आता गाणं प्रसिद्ध झाल्यापासून मोजायची नाही. रिकामी कॅसेट यांच्या व्याख्येप्रमाणे मी ते पहिल्यांदा लक्ष देऊन संपूर्ण ऐकलं त्या दिवसापासून मोजायची. नवीन असो वा १९०२ चं, सगळ्यांना मुदत सारखी. बारा महिन्यांनी बिगुल वाजेल आणि गाणं वहीच्या शेवटच्या पानावर 'सरताज' म्हणून जाईल. एका कलाकाराची एका वेळी दोनच. परतीसाठी स्क्रॉबलर यांचा दोन आठवड्यांचा नियम.

पेन्सिल सोडवत नाही, तेव्हा तिलाही काम दिलंय. जुनं गाणं पहिले दोन आठवडे समासातच राहील. तिसऱ्या आठवड्यातही ओढ तेवढीच असली तर पेनानं ओळीवर येईल. ध्रुवपद यांनी सांगितलेली गाळणी गाण्याला आधीच लागलेली असते हे खरं, पण माझी स्वतःची गाळणी त्याला लागलेली नसते.

आणि ध्रुवपद, तुमच्यासाठी जागा राखीव ठेवायचा विचार केला होता, दहा नवी दहा जुनी असं. ते सोडून दिलं, कारण मग परत ओळीवर खोटं लिहायची वेळ येईल. त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: त्या आठवड्यात आलेली पाच गाणी संपूर्ण ऐकल्याशिवाय रविवारी वही उघडायची नाही. चार्टमध्ये येवोत न येवोत, ऐकायची. काल पहिल्यांदा पाळलं. पाचातलं एक सतराव्या नंबरवर आलंय.

मागची पाच पानं तशीच ठेवली आहेत, समासातल्या पेन्सिलीसकट.

ध्रुवपद

पाच गाण्यांचा नियम मीही घेतो. 'ऐकायची' आणि 'यादीत घ्यायची' या दोन गोष्टी मी एकत्र बांधल्या होत्या, त्या सुट्या करता येतात हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या दोन याद्या मात्र राहतील, त्यांची आता माया लागली आहे.

बिगुल

सरताजचं पान वाचून बरं वाटलं. बिगुल खरोखर वाजवा, नुसतं लिहू नका!

नवा श्रोता

शेवटची एक शंका. एका जर्मन रेडिओ स्टेशनवरून १९८४ च्या सुमारास कोणीतरी टेप केलेलं एक गाणं होतं, ज्याचं नाव-गाव कोणालाच सापडत नव्हतं. लोकांनी वर्षानुवर्षं शोधलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कळलं की ते 'एफईएक्स' नावाच्या जर्मन बँडचं 'सबवेज ऑफ युअर माइंड'. चाळीस वर्षं लोक नाव नसलेलं गाणं ऐकत होते. तुमच्यापैकी कोणाच्या चार्टमध्ये असं आहे का, ज्याचं नावच माहीत नाही?

दुसरा अंतरा

आहे. एका जुन्या कॅसेटच्या ब बाजूला सुरुवात कापली गेलेलं एक गाणं आहे. बाईचा आवाज, हार्मोनियम, तबला, मागे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज. अडीच मिनिटं. कॅसेटवर काहीही लिहिलेलं नाही. गाण्याच्या रकान्यात 'दार आपटतं ते' असं लिहिते, वर्षाचा रकाना कोरा. दोन आठवडे समासात होतं. काल पेनानं लिहिलं, नंबर नऊ.